कंट्रोलरची खिडकी

अलिबागला बदली होऊन गेले तेव्हा माझं आगमन रीतसर जाहीर झालं होतं. टेम्पोतून लोखंडी कपाट, दोन बॅगा, गॅसची शेगडी आणि शेवटी मी, अशा क्रमानं आम्ही उतरलो, तोच तळमजल्याच्या खिडकीतून खणखणीत आवाज आला, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. साताऱ्याहून निघालेल्या बाई, मार्गे महाड, वडखळ, आत्ताच येऊन पोचल्या आहेत. सोबत कपाट आहे. कपाटाचा एक पाय मोडलेला आहे." पाय मोडल्याचं तोवर मलाही माहीत नव्हतं. मी तिथल्या तिथं टेम्पोवाल्याशी भांडले. त्यानं खापर खड्ड्यांवर फोडलं, खिडकीतल्या आवाजानं "महाडच्या पुढे रस्ता खराब आहे" असा त्याला दुजोरा दिला आणि मी हरले. हा आवाज म्हणजेच आपला घरमालक, हे कळल्यावर मी कपाट परत चढवायला निघाले होते. पण टेम्पो निघून गेला होता.

गल्लीत त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. नाव कुणी घेत नसे, तेव्हा मीही घेत नाही. उभी हयात त्यांनी एसटी स्टँडवर गाड्या लावण्यात आणि सोडण्यात घालवली. रेवस, मुरूड, पनवेल, पुणे, सगळ्या गाड्या त्यांच्या तोंडून निघत. निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, गणपतीचं चित्र असलेलं घड्याळ मिळालं. त्यांना हवा होता माईक. तो सरकारी, तो कोण देणार? मग घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर रस्त्याकडच्या खिडकीच्या जुन्या लाकडी झडपा उतरवल्या आणि तिथं चार मोठी तावदानं बसवून घेतली. वडलांनी बांधलेलं घर, खाली ते आणि काकू, वर भाडेकरू. त्या जुन्या घराला ती कोरी काच मुळीच शोभत नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "फलाट दिसला पाहिजे."

त्या काचेमागे वेताच्या खुर्चीत बसून ते गल्ली चालवायचे. आवाज बाहेर जायला वर जाळीचा झरोका होताच. "गिरणीवरून दळण येत आहे. डब्याला झाकण नाही." "शाळेची मुलं परतीच्या मार्गावर आहेत. एकाचं दप्तर दुसऱ्याच्या पाठीवर आहे, ही जादा वाहतूक बेकायदेशीर आहे." गल्लीला सवय झाली होती. नवीन माणूस दचकायचा, जुना माणूस मान वर न करता म्हणायचा, "व्हय कंट्रोलर, चाललो." घोषणा अशी छापील मराठीत आणि घरातलं बोलणं मात्र पोयनाडकडच्या भातशेतीतलं. एकाच तोंडातून दोन माणसं बोलतात असं वाटायचं.

त्यांची सगळी अक्कल स्टँडवरची होती आणि ती ते फुकट वाटायचे. जेवायला बसले की "गाडी जेवणासाठी थांबेल." पाहुणा फार वेळ बसला की "आसनक्षमता संपली." माझं वय आणि माझं एकटं राहणं हा तर त्यांचा आवडता मार्ग. एकदा जिन्यात अडवून म्हणाले, "बाई, तुमचं लग्न उशिरा धावतंय, एवढंच. उशीर म्हणजे रद्द न्हाय."

मी म्हटलं, "काका, मी गाडीची वाटच बघत नाहीये."

"मग फलाटावर कशाला उभ्या?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीतून जाहीर झालं की वरच्या मजल्यावरची सेवा तांत्रिक कारणास्तव बंद आहे. मला हसू आलं आणि सेवा सुरू झाली.

एवढ्या गाड्या सोडणाऱ्या या माणसाला स्वतःला एसटी लागायची. वडखळपर्यंत जाईतो पोटातलं सगळं बाहेर. म्हणून मुंबईला जायचं तर मांडव्याहून बोटीनं. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. काकूंना मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. जेट्टीवर ही गर्दी, बोट कुठली, रांग कुठली, कुणाला पत्ता नाही. कंट्रोलरांना ते सोसेना. त्यांनी एक पाय बाकावर ठेवला आणि सुरू झाले, "गेटवेकडे जाणाऱ्या प्रवाशांनी आपल्या डाव्या हाताला उभे राहावे. लहान मुलांना पुढे घ्यावे. टोपीवाले साहेब, ही रांग आपल्या मागे सुरू होते, पुढे नाही." आणि लोक खरंच उभे राहिले हो. बोटीवरच्या माणसानंही त्यांना विचारूनच दोरी सोडली. काकू पदरात तोंड लपवून हसत होत्या. त्या दिवशी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं होतं. हातमोजे, मोजे, तोंडावर ओढणी.

काकूंना उन्हाचं दुखणं होतं. ऊन लागलं की गालांवर, हातांवर लाल चट्टे उठायचे, ताप यायचा, सांधे असे धरायचे की वाटी उचलवत नसे. मी राहायला जायच्या आधी एकदा ते इतकं वाढलं की त्यांना बरेच दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. बाहेरचं ऊन तर नकोच, पण काचेतून येणारंही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ते घर पश्चिमेला तोंड करून बसलेलं. दुपार कलली की त्या चार तावदानांतून ऊन थेट भिंतीपर्यंत यायचं. फरशी तापायची, पंख्याचा वारा गरम यायचा, कॅलेंडरवरचा निळा कृष्ण पांढरा पडला होता. काकू उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत आतल्या स्वयंपाकघरातच बसायच्या. तिथं एकच बारीक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला टेकलेली. पडदा लावा म्हटलं तर काकूच नको म्हणायच्या. "माज्यापायी त्यांचा फलाट कशाला बंद करू?"

पूर्वी त्या खिडकीशी दोन खुर्च्या असायच्या. चहाच्या वेळी ते घोषणा करायचे, त्या दुरुस्त्या करायच्या. "अवो, ती सून न्हाय, ती नणंद." दुखणं आलं तशी दुसरी खुर्ची स्वयंपाकघरात गेली. झडपा काढून काच आपणच बसवली, आपल्याच काचेनं हिला भाजलं, हे कंट्रोलरांच्या मनात घर करून होतं. मला ते एकदाच बोलले, तेही तोंड फिरवून.

हे कळेपर्यंत मला वाटायचं, म्हातारा गल्लीला ऐकवतो. एका सुट्टीच्या दिवशी मी काकूंकडे विरजण मागायला गेले, तेव्हा उलगडा झाला. बाहेरच्या खोलीतून घोषणा येत होती आणि आत, त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, काकू वाल सोलता सोलता ऐकत होत्या. मधेच विचारत होत्या, "लुगडं कंचं नेसली हाय?" बाहेरून उत्तर येत होतं, "हिरवे. काठ लाल." तो सगळा खटाटोप एकाच प्रवाशासाठी चालला होता. मला फार लाज वाटली, कारण त्याच सकाळी मी त्यांना मनातल्या मनात भोंगा म्हटलं होतं.

तेवढ्यात बाहेरून आलं, "दामूअण्णा येत आहेत. वेळेवर. छत्री वर." काकूंनी वालाचा हात तसाच वर केला, क्षणभर धरला आणि खाली घेतला. मी बघतच राहिले. मग त्यांनी सांगितलं. दामूअण्णा म्हणजे पलीकडच्या आळीतले निवृत्त कारकून. रोज चहाच्या वेळी समुद्रावर फिरायला जायचे, ऊन असो पाऊस असो, हातात काळी छत्री. खिडकीसमोर आले की छत्री जराशी वर करायचे. आतून काकू हात वर करायच्या. बस्स. वर्षानुवर्षं एवढंच. कधी एक शब्द नाही, कधी उंबरा ओलांडला नाही. "पन त्यांनी छत्री वर केली की मला वाटायचं, आजचा दिवस गेला बरा," काकू म्हणाल्या. "आता दिसत न्हाय, पन हे सांगतात ना."

आता पापलेटचं सांगते. मला एकदा ताप आला आणि मी ऑफिसला न जाता वर पडून राहिले. दुपारची वेळ. गल्लीत चिटपाखरू नाही. माझ्या खिडकीतून सगळी गल्ली दिसते, म्हणून खात्रीनं सांगते. समोरची दोन घरं बंद, तिसऱ्याचं होमस्टे झालेलं, एक कुत्रा रस्त्याच्या मधोमध आडवा. आणि खालून आवाज आला, "वरच्या मजल्यावरच्या बाई मांडव्याहून परत येत आहेत. हातात पिशवी आहे. पिशवीत पापलेट आहे. जोडी." मी पांघरुणात उठून बसले. बाई इथं तापानं फणफणलेल्या आणि मांडव्याहून कोण आली? त्यामागून गिरणीवाल्याचा भाऊ आला, दोन पोस्टमन आले, अंगठीचा शोध घेत एक नवरदेव आला. रस्त्यावर मात्र तो कुत्राच.

संध्याकाळी मी खाली उतरून कंट्रोलरांना गाठलं. "काका, मी आज कुठून आले?"

ते जराही वरमले नाहीत. "दुपारी वाहतूक कमी असते. मग जादा गाड्या सोडाव्या लागतात. ती तिथं आत एकटी बसलेली असते."

"पण खोट्या?"

"बाई, गाडी येवो न येवो, घोषना वेळेवर झाली पाहिजे. प्रवासी धीर धरतो."

तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "बाय, पापलेट ताजं होतं का गं? एक तुकडा ठेव हो माज्यासाठी." कंट्रोलरांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी तापाच्या अंगानं बाजारात गेले आणि पापलेट घेऊन आले. जोडीच आणली. घोषणा जोडीची झाली होती.

काचेच्या फिल्मचं मला ऑफिसात सुचलं. साहेबांच्या केबिनला पश्चिमेची मोठी काच होती आणि तिच्यावर फिल्म लावायला बायपासवरचा एक पोरगेला फिटर आला होता. एरवी गाड्यांचं काम करायचा, हल्ली किहीम-मांडव्याकडच्या बंगल्यांच्या काचा करायचा. बोलायला एकदम मुंबई. मी सहज विचारलं, उन्हानं त्रास होणाऱ्या माणसाला याचा उपयोग होईल का? म्हणाला, "मॅडम, वोईच तो मेन फायदा है. काळी पाहिजे असं न्हाय. एकदम क्लिअर पण येते. लावली हे समजणार पण न्हाय, पण उन्हातलं जे चामडी जाळतं, रंग उडवतं, ते लय थांबवते. रूम पण कमी तापते. आणि वादळात काच फुटली ना, तर घरभर तुकडे न्हाय होत, फिल्मलाच चिकटून राहतात." मागच्या वादळात कंट्रोलरांचं एक तावदान फुटून पोह्यांच्या डब्यापर्यंत काच गेली होती, ते मला आठवलं. मी काकूंच्या डॉक्टरांनाही विचारून आले. ते म्हणाले, चांगली फिल्म असेल तर जरूर लावा. लांब बाह्या आणि मलम मात्र सोडू नका, आणि भर उन्हाच्या झोतात बसू नका.

मी पेढे वाटावे तशी ही बातमी घेऊन घरी गेले. काकूंचा चेहरा उजळला. "म्हंजे मला परत खिडकीशी बसता येईल?" आणि कंट्रोलर, जे काकूंसाठी बोटीच्या रांगा लावत होते, ते म्हणाले, "बघू."

बघू म्हणता म्हणता त्यांनी किती सबबी काढाव्यात. आज अमावस्या आहे. आज फिटरचा चेहरा बरोबर वाटत नाही. काळ्या काचांना पोलीस पकडतात. मी म्हटलं, "काका, गाडीच्या काचांना पकडतात. तुमचं घर कुठं चाललंय?" ते म्हणाले, "नियम तो नियम." शेवटी मी फिटरला घेऊनच आले. त्यानं टेबलावर नमुने मांडले. साधी पारदर्शक, करडी, काळी आणि आरशासारखी चकचकीत. कंट्रोलरांनी पारदर्शक तुकडा बोटांनी उचलला आणि बाजूला ठेवला. "ही काय, असून नसल्यासारखी." मग त्यांनी आरशाच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "ही एका तावदानाला लावून बघू."

त्या तावदानानं गल्लीत बहार उडवली. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात फक्त स्वतःचं तोंड दिसायचं. काशीदच्या किनाऱ्यावरून उन्हात भाजून आलेली पाहुणे मंडळी संध्याकाळी होमस्टेकडे जाता जाता थांबायची, केस सारखे करायची, दात बघायची, पोट आत घेऊन फोटो काढायची. आत हातभर अंतरावर कंट्रोलर बसलेले. पण त्यांतल्या एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. "टोपी येत आहे. गॉगल येत आहे. अर्धी चड्डी येत आहे," असं म्हणत राहायचे, आणि मग गप्प व्हायचे. एकदा आमच्या मासळीवाल्या मावशीनं पाटी उतरवली, कुंकू नीट केलं, मान तिरकी करून म्हणाली, "बरी दिसतंय की मी." आतून आवाज आला, "होय, बऱ्या दिसत आहात." मावशीची पाटी उलटलीच असती.

पण फिटरनं सांगितलेली एक गोष्ट कंट्रोलरांनी कानाआड केली होती. जिकडे उजेड जास्त, तिकडून आरसा. दिवेलागणीला घरात ट्यूब लागली की सगळं उलटं. त्यांना वाटलं, आता आपल्याला कुणी बघत नाही. म्हणून बनियनवर निवृत्तीची शाल पांघरून, तोंडाशी ताक घुसळायची रवी माईकसारखी धरून, ते त्या तावदानासमोर उभे राहिले आणि निरोपाचं भाषण करू लागले. स्टँडवर त्यांना करू दिलं नव्हतं ते. बाहेर पंधरा-वीस पाहुणे जमले. भाषण संपलं तशा टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिल्म त्यांनी स्वतःच्या नखांनी खरवडून काढली.

"आता काळी लावू," ते म्हणाले. "सगळ्यात काळी."

माझं डोकं फिरलं. "काका, त्या काळ्यातून काकूंना काय दिसणार, कपाळ? ज्याच्या फलाटापायी घरात कधी पडदा लागला नाही, त्याला आता अंधार हवाय?"

ते चपला घालून स्टँडकडे निघून गेले.

कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही बोंबील घेताना. मी मावशीला सहज म्हटलं, तुम्ही हल्ली उशिरा येता, दामूअण्णा समुद्रावर निघायच्या वेळेला. मावशी माझ्याकडे बघत राहिली. "कोन, छत्रीवाले? त्यांना जाऊन वरीस झाला की गो."

मी बोंबील तसेच टाकून खाली गेले. कंट्रोलर ओट्यावर बसले होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांना कळलं. आत ऐकू जाऊ नये म्हणून ते इतक्या हळू बोलले की तो त्यांचा आवाज वाटेना. "ती इस्पितळात होती तेव्हा गेले ते. घरी आली तेव्हा तिच्यात जीव न्हवता. आल्या आल्या विचारलं, दामूअण्णा गेले का समुद्रावर? मी काय सांगू? म्हटलं, गेले, वेळेवर. मग दुसऱ्या दिवशी सोडावीच लागली ना गाडी. आनि मग रोज." मग गल्लीकडे हात करून म्हणाले, "समोर आता कोन ऱ्हायलंय बाई? तिला वाटतं अजून सगळी हायत. ती काचेशी येऊन बसली की तिला दिसंल, फलाटावर कुनीच न्हाय. आनि ती छत्री शोधंल."

मला रडू आलं, आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. मी म्हटलं, "मग सांगून टाका." ते म्हणाले, "कसं सांगू? माज्या तोंडून कधी गाडी रद्द झाली न्हाय."

निकाल काकूंनीच लावला. संध्याकाळी स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "ती असून नसल्यासारखी हाय ना, तीच लावा. मला बघायचंय." त्या आवाजापुढे कंट्रोलरांचं काही चालायचं नाही. उद्या फिटर येईल, एवढं ते म्हणाले. ती घोषणाही त्यांनी घरातल्या आवाजात केली.

फिटर आला, काचा धुतल्या, साबणाचं पाणी मारलं, फिल्म चिकटवली, रबरी पट्टीनं पाणी काढलं. "बुडबुडे दिसले तर घाबरू नका, सुकेपर्यंत राहतात. बोट लावू नका," म्हणाला. एरवी असल्या कामावर कंट्रोलरांनी ओळीनं घोषणा केल्या असत्या. ते भिंतीला टेकून नुसते बघत होते. पुढचे काही दिवस ते रोज सकाळी बुडबुडे पाहायचे, ते कमी झालेले दिसले की आणखी गप्प व्हायचे. गल्लीत लोक एकमेकांना विचारायला लागले, कंट्रोलरांना बरं नाही का?

मग एके दिवशी, सुट्टी होती, बुडबुडे पार गेले. काच होती तशीच दिसत होती. ऊन कलून आत आलं, पण फरशीवर हात ठेवला तर चटका नाही. काकूंनी लांब बाह्यांचं पोलकं घातलं, मलम लावलं, आणि मी त्यांच्यासाठी कंट्रोलरांची वेताची खुर्ची खिडकीशीच, पण उन्हाच्या पट्ट्यापासून जरा बाजूला ओढली. कंट्रोलर म्हणाले, "मी चहा करतो." त्यांनी जन्मात चहा केला नव्हता. ते स्वयंपाकघरात गेले आणि काकूंच्या त्या अंधाऱ्या जागी जाऊन बसले. भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही.

काकू बसल्या. आधी त्यांनी हात उजेडात धरून पाहिला, उलटा केला, सुलटा केला. मग बाहेर पाहिलं. समोरचं पहिलं घर बंद. दुसऱ्याच्या दाराला कुलूप आणि कुलपाला गंज. तिसऱ्यावर इंग्रजी पाटी. रस्त्यात कुत्रा. काकू डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश बघत गेल्या. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. चहाची वेळ झाली. गल्लीच्या टोकाला कुणीच वळलं नाही. आत स्वयंपाकघरात कंट्रोलर, इथं मी, दोघं श्वास धरून.

काकूंनी पदर सावरला, घसा साफ केला, आणि तोंड आतल्या दाराकडे करून, ती छापील मराठी जन्मभर ऐकलेल्या माणसाच्या ठसक्यात म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. दामूअण्णा येत आहेत. छत्री वर आहे. दामूअण्णा वर्षभर उशिरा धावत आहेत."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मावशी मासळी विकायला त्यांच्याही दारात बसायची, हे आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभर त्या आत बसून, नसलेल्या माणसासाठी हात वर करत होत्या, कारण बाहेर एक माणूस मोठ्या मेहनतीनं गाड्या सोडत होता. आणि पापलेटचा तुकडाही त्यांनी मुद्दाम मागितला होता, हे तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं.

आत खुर्ची सरकली आणि कंट्रोलरांचा घरातला आवाज आला, जरा घोगरा.

"रद्द न्हाय ना?"

"न्हाय," काकू म्हणाल्या आणि रिकाम्या गल्लीकडे बघून त्यांनी हात वर केला. "या बाहेर. आनि दुसरी खुर्ची घेऊन या."